नाव तेच, माल वेगळा: साठ हजारांत गेमिंग पीसी जुळवताना

सांगलीच्या भाच्याने व्हॉट्सॲपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "मामा, साठ हजारांत बसतंय. घेऊ का?"

रायझन ५ ५६००जी प्रोसेसर. बी४५० बोर्ड (मदरबोर्ड). १६ जीबी रॅम. आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड. ५०० वॅट एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. ५०० जीबी एसएसडी. काचेचं कॅबिनेट, चार आरजीबी (रंगीत दिव्यांच्या) पंख्यांसह. मॉनिटर वेगळा.

वाचायला सगळं बरोबर, खोटं काहीच नाही. पण यातल्या बहुतेक ओळींना एकेक जुळा भाऊ आहे. नाव जवळपास तेच, किंमतही आसपासच, काम मात्र वेगळं. एएमडी की इंटेल यावर पोरं रात्र रात्र भांडतात. हात आखडता असताना पैसे बुडतात ते या जुळ्यांच्या गफलतीत. म्हणून पहिल्यांदा जुळ्यांचीच तुलना.

५६०० आणि ५६००जी

दोन्ही एएमडीचे प्रोसेसर, दोन्हींना सहा कोअर (काम करणारे हात), बारा थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), दोन्ही ६५ वॅटचे. 'जी'वाल्याच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स आहे, म्हणून दुकानदार सांगतो, "कार्ड बिघडलं तरी डिस्प्ले राहील." ते खरंच आहे. तो सांगत नाही ते असं की ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे आणि ५६००जी मध्ये निम्मी, १६ एमबी. गेम चालू असताना प्रोसेसरला पुन्हा पुन्हा लागणारा डेटा या कॅशमध्ये बसतो. नाही बसला की रॅमपर्यंत हेलपाटा. शिवाय ५६०० पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला रस्ता) ४.० वर कार्डाशी बोलतो, तर ५६००जी ३.० वर.

तेव्हा वेगळं कार्ड घेणारच असाल तर ५६००. पण आत्ता जेमतेम तीस-पस्तीस हजार हातात आहेत आणि कार्ड पुढच्या दिवाळीला घ्यायचं आहे, अशी स्थिती असेल तर ५६००जी हाच शहाणपणाचा सौदा. त्यातल्या वेगा ग्राफिक्सवर व्हॅलोरंटसारखा हलका गेम व्यवस्थित चालतो. अट एकच, रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात. कारण हे ग्राफिक्स रॅममधलीच मेमरी वापरतं, आणि एका पट्टीवर ते अक्षरशः घुसमटतं.

तिसरा भाऊ ५५००. नावात शंभराचा फरक, म्हणून वाटतं की ५६०० पेक्षा किंचित कमी असेल. आत मात्र ५६००जीचाच सांगाडा आहे: १६ एमबी कॅश, पीसीआयई ३.०, आणि ग्राफिक्स तेवढं बंद केलेलं. बरीच बचत होत असेल तरच घ्या.

एएमडीच्या नवीन एएम५ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) हाच खेळ उलटा आहे. ८४००एफ हा आकडा ७५००एफ पेक्षा मोठा, म्हणून घेणारा खूश. प्रत्यक्षात ७५००एफची एल३ कॅश ३२ एमबी आणि ८४००एफची १६. गेमसाठी लहान आकड्याचा भाऊच थोरला.

इंटेलकडे या बजेटला आय५ १२४००एफ येतो. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि गेममध्ये ५६०० च्या खांद्याला खांदा. यांच्यात निवड करायला बेंचमार्कचे आलेख बघत बसू नका. बोर्ड आणि प्रोसेसर या जोडीची त्या दिवशीची किंमत बघा, स्वस्त पडेल ती जोडी उचला. आय३ १२१००एफ आणखी स्वस्त आहे, पण चारच कोअर. नुसतं व्हॅलोरंट आणि सीएस २ खेळणाऱ्याला तो पुरतो. नव्या मोठ्या गेमबरोबर मागे गप्पांचं डिस्कॉर्ड आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं की अडखळायला लागतो.

बोर्ड

कोटेशनमधला बी४५० चालतो. मात्र तो पीसीआयई ३.० चा आहे. म्हणजे ५६०० घेऊन बी४५० वर बसवला की प्रोसेसरची ४.० ची सोय वाया. एरवी याने फारसं बिघडलं नसतं. पण या बजेटमधली बरीचशी कार्डं, उदाहरणार्थ आरएक्स ६६००, स्लॉटमध्ये पूर्ण लांबीची दिसली तरी सोळापैकी आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. आठ लेन आणि वर ३.० म्हणजे अरुंद रस्त्यावर आणखी एक बाजू खोदून ठेवलेली. कार्डाची मेमरी पुरते तोवर कळत नाही. ती भरली की गेम झटके द्यायला लागतो. फरक परवडत असेल तर बी५५०. इंटेलच्या साध्या एच६१० बोर्डावर कार्डाचा स्लॉट ४.० चा असतो, ही त्या जोडीची जमेची बाजू. रॅमचे स्लॉट दोनच, ही खर्चाची.

कार्ड: निम्मं भांडण इथेच

साठ हजारांच्या टॉवरमध्ये मी एकट्या कार्डाला वीस ते पंचवीस हजार ठेवतो. आधी मॉनिटर ठरवा. १०८० पी असेल, आणि या बजेटला तोच असावा, तर खालची यादी पुरे (आरटीएक्स एनव्हिडियाचं, आरएक्स एएमडीचं, आर्क इंटेलचं).

| कार्ड | मेमरी | बस (मेमरीची वाट) | वीज |
|---|---|---|---|
| आरटीएक्स ३०५० (६ जीबी) | ६ जीबी | ९६ बिट | ७० वॅट |
| आरटीएक्स ३०५० (८ जीबी) | ८ जीबी | १२८ बिट | १३० वॅट |
| आरएक्स ६६०० | ८ जीबी | १२८ बिट | १३२ वॅट |
| आरटीएक्स ३०६० | १२ जीबी | १९२ बिट | १७० वॅट |
| आर्क बी५८० | १२ जीबी | १९२ बिट | १९० वॅट |

पहिल्या दोन ओळी बघा. दोन्हींच्या खोक्यावर ३०५०. भाच्याच्या कोटेशनवर 'आरटीएक्स ३०५०' एवढंच होतं. त्याला म्हटलं, फोन कर आणि 'किती जीबी' एवढंच विचार. उत्तर आलं, सहा. म्हणजे नुसती दोन जीबी मेमरी कमी एवढंच नाही, आतले कोअरही कमी आणि मेमरीची वाटही अरुंद. ३०६० चंही तसंच. १२ जीबीचं कार्ड नावाजलेलं, पण त्याच नावाने ८ जीबीचं आणि १२८ बिटचंही निघालं. 'थ्री झिरो सिक्स्टी स्वस्तात' अशी जाहिरात दिसली की आधी जीबी विचारा.

फक्त गेम खेळायचे असतील तर माझं मत आरएक्स ६६०० ला. २०२१ चं कार्ड आहे, तरी १०८० पी वर ३०५० च्या दोन्ही भावांच्या सरळ पुढे. रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्यात) ते कमी पडतं. या किमतीत त्या चैनीचा हट्ट मी धरणार नाही. ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग किंवा कॉलेजचं मशीन लर्निंगचं काम असेल तर मत बदलतं. तिथे बरीच सॉफ्टवेअरं एनव्हिडियाच्या कूडा या प्रणालीवर चालतात, आणि १२ जीबीचं ३०६० थोडं महाग पडलं तरी वसूल होतं.

आर्क बी५८० कागदावर सगळ्यांत भरघोस. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड लागतोच, आणि हलक्या प्रोसेसरबरोबर त्याची पूर्ण ताकद उतरत नाही. १२४००एफ किंवा ५६०० च्या वर जाणार असाल तर विचार करा. आय३ वर तर नकोच.

सेकंडहँडमध्ये एक नाव सांगून ठेवतो: आरएक्स ५८०. मूळ कार्डात २३०४ कोअर, पण '२०४८ एसपी' असं शेपूट असलेलं एक कार्ड ५८० म्हणूनच विकलं जातं आणि ते आतून ५७० च आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून ते चलन कमावणं) थांबलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. अशी कार्डं सरसकट वाईट नसतात. माझ्या धाकट्या भावाकडचं एक अजून चालतंय. पण घेताना तुमच्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा आणि जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून कोअर मोजा. 'दादा, लाईट नाही' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी जा.

एसएमपीएस, म्हणजे जिथे मी स्वतः शेकलोय

पहिल्या मशीनला मी कॅबिनेटसोबत फुकट आलेला '५०० वॅट' वापरला होता. मे महिना, लाईट गेली, आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा जळक्या प्लॅस्टिकचा वास होता. एसएमपीएस गेलाच, जाताना बोर्डही घेऊन गेला. नंतर उघडलेल्या खोक्यावरचं स्टिकर पहिल्यांदा वाचलं: १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बाराला अठराने गुणा, २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात. बाकीचे वॅट खोक्याच्या बाहेरच्या बाजूला छापलेले.

तेव्हापासून दुकानात मी आधी खोकं उलटं करतो. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला चाळीसच्या वर अँपिअर दिसतात, आणि पाच वर्षांची वॉरंटी मिळते. '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जाते हे सांगतो, आत संरक्षणाची सोय कशी आहे हे नाही. ५६०० आणि ६६०० ची जोडी गेममध्ये अडीचशे वॅटच्या आसपास ओढते, तेव्हा साडेपाचशे पुष्कळ झालं. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटपर्यंतच देतो. तो सेव्ह करून बंद करायला आहे, मॅच संपवायला नाही.

पैसे कमी पडले तर आरजीबी पंखे कापा, एसएमपीएस नको.

रॅम आणि एसएसडी

१६ जीबीची एक पट्टी की ८ च्या दोन? दोन. ड्युअल चॅनेलचा (दोन्ही पट्ट्या एकदम वापरण्याचा) फरक गेममध्ये दिसतो. आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही.

२०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रूशल ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एएम५ ला डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) च लागते, जुनं काही चालत नाही. एएम४ ला (५६०० चं सॉकेट) आणि १२४००एफच्या डीडीआर४ बोर्डाला घरातल्या जुन्या मशीनमधली डीडीआर४ रॅमसुद्धा चालते. पुढे प्रोसेसर बदलायची सोय एएम५ वर जास्त, हे मान्य. पण आज साठ हजारच असतील तर मी ती सोय विकत घेणार नाही, ते पैसे कार्डात घालीन.

एसएसडी ५०० जीबी नको, १ टीबी. विंडोज आणि दोन मोठे गेम टाकले की पाचशे संपले. एम.२ हा फक्त आकार आहे; त्याच आकारात जुनी, संथ साटाही येते, म्हणून वेगवान एनव्हीएमई आहे का ते विचारा.

आणि जुनं ऑफिसचं मशीन?

कंपन्यांनी काढून टाकलेले डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि त्यात कार्ड घालायची कल्पना मोहक आहे. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते. एसएमपीएसही बहुधा कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, लहान, कार्डासाठी वेगळी वायर नसलेला. मात्र आठव्या पिढीच्या पुढचं चांगलं मशीन मिळालं, तर ज्याला मी वर नाकारलं तेच ६ जीबीचं ३०५० इथे कामाला येतं. ७० वॅट, वेगळी वायर नको, स्लॉटमधून वीज घेतं. पंचवीस-तीस हजारांत एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला हा मार्ग वाईट नाही.

बिल

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात घ्या किंवा ऑनलाइन मागवा, कोटेशनवर जीएसटी धरलाय का ते पहिलं विचारा. १८ टक्के म्हणजे साठ हजारांवर १०,८०० रुपये. कार्डाच्या एका पायरीचा फरक. 'बिल नको असेल तर कमी करतो' याला होकार देऊ नका. बिलावर कार्डाचा आणि एसएमपीएसचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी त्याचीच विचारणा होते.

भाच्याने शेवटी ५६००, बी५५०, आरएक्स ६६००, ५५० वॅट असं घेतलं. रॅम ताईच्या जुन्या मशीनमधली, दोन पट्ट्या. कॅबिनेट साध्या पत्र्याचं. जोडणी स्वतः केली. रात्री साडेअकराला फोन: "मामा, पंखे फिरतायत, स्क्रीन काळी."

"एचडीएमआय कुठे लावलीस?"

"मागे."

"मागे वर, का मागे खाली?"

वर, बोर्डाच्या पोर्टात. ५६०० ला ग्राफिक्सच नाही, त्यामुळे तिथून काही दिसणार नव्हतंच. ५६००जी असता तर कदाचित स्क्रीन लागली असती आणि कार्ड बाजूला बसून राहिलं असतं. केबल खाली कार्डात घातली, विंडोज आलं. झोपायच्या आधी त्याला डिस्प्ले सेटिंग उघडायला लावलं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालत होता.