पाठीवर स्लॉथ वागवणारी नायिका: ‘झू सिटी’

शहरात घडणाऱ्या अद्भुतकथा म्हटल्या की लंडन किंवा न्यूयॉर्कच्या गल्ल्या आणि त्यांतून फिरणारे रक्तपिपासू हे समीकरण इतके रूढ झाले आहे की, लॉरेन ब्यूकस यांची २०१० साली प्रसिद्ध झालेली ‘झू सिटी’ ही इंग्रजी कादंबरी वाचताना खिडकी उघडल्यासारखे वाटते. तिचे घटनास्थळ आहे जोहान्सबर्गमधील हिलब्रो, म्हणजे मोडकळीस आलेल्या उंच इमारतींची, निर्वासितांनी गजबजलेली वस्ती.

या जगात ज्याच्या हातून मोठा अपराध घडतो, त्याला आयुष्यभरासाठी एक प्राणी चिकटतो आणि त्यासोबत एखादी शक्तीही लाभते. नायिका झिंझी डिसेंबर ही पूर्वाश्रमीची पत्रकार आणि व्यसनी. भावाच्या मृत्यूचा दोष पाठीवरच्या स्लॉथच्या, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या एका अतिशय संथ प्राण्याच्या, रूपाने ती अक्षरशः वाहते, हरवलेल्या वस्तू शोधून देते आणि कर्ज फेडण्यासाठी फसव्या ईमेलही लिहिते. तिच्याविषयी सहानुभूती वाटावी म्हणून लेखिका तिला कुठेही धुऊनपुसून काढत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटले.

बेपत्ता गायिकेच्या शोधाचे कथानक मात्र शेवटी घाईने गुंडाळले आहे. स्थानिक बोलींचे शब्दही अडवतात. पण ग्रामीण कादंबऱ्या वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला त्याची सवय असतेच. विज्ञानकथांसाठीच्या २०११ च्या आर्थर सी. क्लार्क पुरस्काराची ही कादंबरी मानकरी ठरली, ते योग्यच होते.