मिरज रोडवरचं मिलिटरी मालाचं दुकान: पुरासाठी काय घेतलं आणि काय सोडलं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर दत्तनगरला, बैठं. घर सोडताना खरेदीखत, पासबुकं, मुलीचे दाखले असं सगळं दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवलं, कारण २००५ ला पाणी माळ्याला लागलं नव्हतं. या वेळी लागलं. नवव्या दिवशी परत आलो तेव्हा खरेदीखताची पानं ओल्या पापडासारखी एकमेकांना चिकटली होती. बायकोनं एकेक पान सुईनं सोडवून दोरीवर वाळत घातलं. निम्म्या पानांवरची शाई गेली होती.

तेव्हापासून मे महिना लागला की मी मिरज रोडच्या या दुकानात एक चक्कर मारतो. दुकान रस्त्यावरून दिसत नाही. एका गॅरेजच्या मागं पत्र्याचं शेड आहे, पाटी नाही. रिक्षावाल्याला ‘मिलिटरीवाल्याकडं’ म्हटलं की तो नेऊन सोडतो. मालक फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळं लहानथोर सगळे त्यांना मेजर म्हणतात. आपल्याकडं रिटायर फौजी म्हटलं की मेजरच.

या दुकानाबद्दल पहिली चांगली गोष्ट सांगायची तर मेजर खोटं बोलत नाहीत. शेडमधला निम्मा माल खरा डिस्पोजलचा, म्हणजे लिलावात निघालेला. निम्मा नुसता तसा दिसणारा, बाजारातला. कुठला कुठला हे ते न विचारता सांगतात. खऱ्या मालावर कारखान्याचा शिक्का आणि साल असतं, ते बघायला शिकवलं त्यांनीच. कानपूरचे आणि शाहजहानपूरचे सरकारी कारखाने तंबू, किटबॅगा, ब्लँकेटं, कपडे बनवत आलेत. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यामुळं जुना शिक्का असला की माल त्याआधीचा. “जुना म्हणजे चांगला असं नसतंय हं,” हेही त्यांनीच सांगितलं. “कापड जुनं चालतंय. रबर जुनं चालत नाही.”

हे वाक्य मी दरवेळी सोबत घेऊन जातो. कापड म्हणजे ग्राउंडशीट, किटबॅग, ताडपत्री. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायची, उजेडाकडं धरून बारीक भोकं बघायची, झालं. रबर म्हणजे गमबूट, बुटाचे तळवे, डब्याची गॅस्केट, म्हणजे झाकणातली पाणी अडवणारी पट्टी. बूट हातात घेऊन तळवा पुरता दुमडायचा. घडीवर केसासारख्या चिरा दिसल्या की जागेवर ठेवून द्यायचा. चारशे रुपयांत बूट मिळाला म्हणून मी पहिल्या वर्षी खूश होतो. दुसऱ्या वर्षी चिखलात तळवा वेगळा आणि पाय वेगळा झाला. त्यात दोष दुकानाचा नाही, मी दुमडून बघितलं नव्हतं.

आता ज्या वस्तूसाठी मी हे सगळं लिहायला बसलोय ती सांगतो. गोळ्यांचा लोखंडी डबा, अ‍ॅम्युनिशन बॉक्स. हिरवा रंग, वर कडी, बाजूला खटका, झाकणाच्या आतून रबरी गॅस्केट. बाराशे रुपयांना एक. मी दोन आणले. मेजरांनी सांगितल्याप्रमाणे आत ‘पुढारी’ची घडी ठेवली, खटका लावला आणि अंगणातल्या बॅरलमध्ये वर दगड ठेवून रात्रभर बुडवले. पहिल्या डब्यातला पेपर सकाळी कुरकुरीत निघाला. दुसऱ्यातला एका कोपऱ्याला रुपयाएवढा भिजलेला. गॅस्केटवर बोट फिरवलं तर त्या कोपऱ्यात रबर कडक होऊन दबलं होतं, नखानं दाबलं तरी वर येईना. डबा परत घेऊन गेलो. मेजरांनी तोंडातून शब्द न काढता तिसरा डबा काढला, आधी दुकानातल्याच हौदात बुडवला, मला चहा पाजला आणि अर्ध्या तासानं उघडून दाखवला. मी घरी येऊन पुन्हा रात्रभर बुडवलाच. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं तेव्हा कागदं त्याच डब्यात होती. या वेळी सुई लागली नाही.

त्याआधी मी एका ऑनलाइन दुकानातून ‘वॉटरप्रूफ’ बॅग मागवली होती, दीड हजाराला. बाहेरून दिसायला रुबाबदार. चेन होती तिथून पाणी आत. चेन असलेली कुठलीही पिशवी पुरात बुडाली की संपली, हे मी आता ठामपणे सांगतो. तोंड गुंडाळून बांधायची पिशवी घ्या, नाहीतर गॅस्केटचा डबा.

ब्लँकेट साडेचारशेला मिळालं, जाड, खरखरीत, टोचतं. आईला आवडत नाही. पण शाळेच्या फरशीवर नऊ रात्री काढलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. ग्राउंडशीट साडेतीनशे. मच्छरदाणी तिथून घेऊ नका, फाटक्या असतात.

जेरीकॅनबद्दल मात्र थांबून सांगायला पाहिजे. वीस लिटरचे लोखंडी जेरीकॅन स्वस्त दिसतात आणि मजबूतही असतात, पण ते डिझेल-पेट्रोलचे. सोड्यानं धुवा, राखेनं घासा, वास जात नाही आणि पाणी पिण्याजोगं राहत नाही. पाण्यासाठी नवा, खाण्याच्या प्लॅस्टिकचा कॅन भांड्याच्या दुकानातून घ्या. आम्ही माणशी रोजचे चार लिटर धरून तीन दिवसांचं पाणी वर चढवतो, शिवाय पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली. चारी बाजूला पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही पुरातली अवस्था ज्यानं बघितली नाही त्याला सांगून पटत नाही.

लाइफ जॅकेटही जुनं नको. आतला फोम वर्षांनी दबतो, तरंगण्याची ताकद कमी होते, आणि ते बाहेरून कळत नाही. मेजरांकडं चार लटकवलेली होती. मी हात लावला तर म्हणाले, “ती मंडळाच्या मिरवणुकीला न्हेत्यात पोरं. तुम्ही नवं घ्या.” ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली. पलूस तालुक्यातलं गाव, आमच्यापासून फार लांब नाही. बोटीत झेपणार नाहीत इतकी माणसं होती. त्या दिवसानंतर जॅकेटवर पैसे वाचवायचा विचार माझ्या मनात येत नाही. आमच्या घरात चार माणसं, चार नवी जॅकेटं.

आणि रायफल. या दुकानात दर दुसरा तरुण हेच विचारतो. माझा पुतण्याही विचारत होता. तो अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. तिकडं सोव्हिएत काळातल्या मोसिन-नागांत रायफली घट्ट ग्रीसमध्ये बुडवून पेट्यांत ठेवलेल्या, त्या एके काळी सरप्लस म्हणून अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. ते तिकडचं. आपल्याकडं फौजेची जुनी रायफल अशी शेडमध्ये विकायला येत नाही. .३०३ ही फौजेची बोर, म्हणजे नळीचं माप, म्हणून ती सामान्य माणसाला बंदच. त्यासाठीच तर ईशापूरच्या कारखान्यानं त्याच घडणीची .३१५ बोरची स्पोर्टिंग रायफल नागरिकांसाठी काढली. तीही शस्त्र परवाना असेल तरच, आणि परवानाधारक दुकानातूनच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. पुतण्यानं विचारल्यावर मेजर उठून उभे राहिले आणि म्हणाले, “बाळा, असं बिनकागदाचं कोण देतो म्हणाला तर त्याच्याकडं परत जाऊ नकोस.” कॉम्बॅट कापडाचंही तसंच. फौजेचा नवा डिजिटल छापा ते ठेवतच नाहीत, साधा हिरवा घ्या म्हणतात.

माझा मावसभाऊ भिलवडीकडं शेती करतो. डुकरांपासून ऊस राखायला त्याच्याकडं परवान्याची बाराबोर होती. २०१९ ला माणसं आणि जनावरं बाहेर काढायच्या गडबडीत बंदूक लोखंडी कपाटात कुलूपबंद राहिली. पाणी उतरल्यावर मी त्याच्याबरोबर कपाट उघडलं. नळीच्या आत लाल गंज, दस्ता फुगून स्क्रू वर आलेले, काडतुसं भिजून फुगलेली, परवान्याच्या पुस्तकाचा लगदा. घराचा गाळ काढायचा सोडून त्याला आधी पोलीस ठाणं आणि मग कलेक्टर ऑफिस गाठावं लागलं. पुरात हत्यार तुम्हाला वाचवत नाही. तुम्हालाच ते वाचवावं लागतं, पोराबाळांच्या, म्हशींच्या आणि कागदांच्या रांगेत. शेत राखायला लागत असेल तर रीतसर परवाना काढून जरूर ठेवा, पण पुराच्या तयारीच्या पैशातून रायफलीचा हिशेब करू नका. तेवढ्या पैशात आख्ख्या गल्लीला डबे आणि दोर येतात.

पुतण्या नाराज झाला होता. त्याला मी एअर रायफल घेऊन दिली, .१७७ बोरची. २० जूलपर्यंतच्या ताकदीच्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. ती मेजरांकडं नाही, खेळाच्या दुकानातून घेतली. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणल्यापासून आमच्याकडच्या पोरांना नेमबाजीचं वेड लागलंय. राधानगरीकडचा पोरगा, म्हणजे आपल्याच पट्ट्यातला. हा आता रविवारी दहा मीटरवर कागद फोडतो आणि रायफल स्वतः पुसून ठेवतो. छान आहे. पण ती तयारीच्या सामानात धरलेली नाही.

तक्रारी दोन. मेजर बिल हातानं लिहितात आणि वस्तूचं नाव अर्धवट टाकतात, तेव्हा समोर बसून पूर्ण लिहून घ्या. आणि दोरी. तिथली नायलॉनची दोरी वर्षानुवर्षं उन्हात लोंबतेय. मी दहा मीटर घेतली, दोन टोकांना दोघांनी धरून ओढली, तिसऱ्या झटक्याला तुटली. दोर नवाच घ्या.

भाव मेमध्येच करून घ्या. कोयनेचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि डबा बाराशेचा अठराशेला जातो. मेजरांना मी हे तोंडावर बोललो. ते म्हणाले, लिलावातच महाग उचलावा लागतो त्या दिवसांत. असेल. सोमवारी बंद, दुपारी एक ते चार झोप. जाताना जुना पेपर घेऊन जा, डबा तिथंच हौदात बुडवू देतात. सुटी गॅस्केटं मागितली तर आतून काढून देतात, साठ रुपयांना एक. माझ्या पहिल्या डब्याचं रबर यंदा जरा कडक लागतंय, दोन आणायची आहेत.