नववी-दहावीच्या वर्गात मर्फीचं निळं पुस्तक: काय हाती लागतं, काय नाही

रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९८५ साली पहिल्यांदा काढलं. पाचवी आवृत्ती २०१९ची. निळ्या मुखपृष्ठामुळे शिक्षकांमध्ये त्याचं नाव निळं पुस्तकच पडलं आहे. ते लिहिलं गेलं मुख्यतः आपलं आपण शिकणाऱ्यांसाठी, त्यामुळे वर्गात नेताना बरंच काही आपल्याला ठरवावं लागतं. आमचं मत आधीच सांगतो: नववी-दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर ते असायला हवं. प्रत्येक मुलाच्या दप्तरात असण्याची गरज नाही. आणि युनिट एकपासून ओळीने शिकवायला घेतलं तर वर्ष संपतं, पुस्तक संपत नाही आणि मुलांच्या चुका होत्या तिथेच राहतात.

पुस्तकात १४५ युनिट आहेत आणि प्रत्येक युनिट समोरासमोरच्या दोन पानांत बसतं. डाव्या पानावर ए, बी, सी, डी अशा तुकड्यांत स्पष्टीकरण, उजव्या पानावर त्यावरचाच सराव. पान उलटावं लागत नाही, म्हणून ३५ मिनिटांच्या तासात एक युनिट नीट बसतं. व्याख्या जवळजवळ नाहीतच. नियमाऐवजी आधी प्रसंग आणि वाक्य, मग नियम एका ओळीत, आणि जिथे चूक होण्याची शक्यता आहे तिथे चुकीचं वाक्य 'असं नाही' म्हणून शेजारीच छापलेलं. आपल्याकडच्या गाइडांमध्ये नेमकी हीच गोष्ट नसते. तिथे काळाची व्याख्या पाठ होते, वाक्य मात्र चुकतं.

सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित पानं शेवटाकडे आहेत: स्टडी गाइड. गाळलेल्या जागा, प्रत्येकीला पर्याय, आणि शेजारी 'येत नसेल तर अमुक युनिट बघा' असा आकडा. काही ठिकाणी एकाहून जास्त पर्याय बरोबर आहेत, हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर एकावर खूण करून पुढे जातात. जूनमध्ये दोन तास यालाच द्यावेत. उत्तरं वहीत लिहून घ्यायची, तपासायची, आणि एका कागदावर उभे हजेरी क्रमांक, आडवे प्रश्न मांडून चुकलेल्या चौकटीत फुली मारायची. ज्या रकान्यात निम्म्याहून जास्त फुल्या, ते युनिट सगळ्या वर्गाला. बाकीच्या फुल्या ज्याच्या त्याच्या गृहपाठात. असं केलं की १४५मधली वर्षभरासाठी पंचवीस-तीस युनिट उरतात, आणि तेवढी झेपतात. लेखकानेही सुरुवातीला स्पष्ट म्हटलं आहे की युनिट ओळीने करायची गरज नाही.

मराठी मुलांच्या वर्गात फुल्यांची गर्दी कुठे होते, ते आधीच सांगता येतं. पहिली जागा युनिट ११ आणि १२, म्हणजे 'हाऊ लाँग', 'फॉर' आणि 'सिन्स'. 'रेश्मा चार वर्षांपासून या शाळेत आहे' हे मराठीत साध्या वर्तमानकाळात चालतं, आणि 'चार वर्षांपासून' काय नि 'पाचवीपासून' काय, शब्दयोगी अव्यय एकच. म्हणून मूल बिनदिक्कत 'शी इज इन धिस स्कूल सिन्स फोर इयर्स' लिहितं. एका वाक्यात दोन चुका, आणि बहुतेक शिक्षक त्यातली दुसरीच दुरुस्त करतात. मर्फीने हे दोन युनिटांत तोडलं आहे, ते फार बरं केलं: अकराव्यात फक्त क्रियापदाचं रूप, बाराव्यात 'फॉर' की 'सिन्स'. हा क्रम मोडू नये.

फळ्यावर एक आडवी रेघ काढा. उजव्या टोकाला 'आता, नववी', डावीकडे 'पाचवी'. दोन्ही टोकं जोडणाऱ्या कंसावर 'फोर इयर्स', डाव्या ठिपक्यावर 'फिफ्थ स्टँडर्ड'. कंस म्हणजे 'फॉर', ठिपका म्हणजे 'सिन्स', आणि रेघ आजपर्यंत येऊन टेकली आहे म्हणून 'हॅज बीन'. मग वीसेक चिठ्ठ्या वाटा: टू अवर्स, मंडे, दिवाळी, अ लाँग टाइम, माय बर्थडे, टेन मिनिट्स. मुलांनी उठून कंसाखाली किंवा ठिपक्याखाली उभं राहायचं. घोटाळा हमखास 'लास्ट'वर होतो. 'सिन्स लास्ट मंडे' आणि 'फॉर द लास्ट टू डेज', दोन्हींत 'लास्ट' आहे, म्हणून ज्यांनी शब्द बघून पाठ केलं ते गडबडतात. या दोन चिठ्ठ्या मुद्दाम शेवटी ठेवा. पुस्तकातला सराव त्यानंतर द्या, आधी नाही.

दुसरी जागा आर्टिकल्स, युनिट ७२ ते ७८. मराठीत हा प्रकारच नसल्याने मुलं दोन टोकांना जातात: आठवीत 'अ' आणि 'द' गाळतात, दहावीत जिथेतिथे 'द' पेरतात. इथे सलग सात युनिट शिकवणं म्हणजे गोंधळ वाढवणं. आधी ६९ आणि ७० घ्या, मोजता येणारी आणि न येणारी नामं, कारण 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' आणि 'फर्निचर्स' यांचं मूळ तिथे आहे. मग ७२. त्यानंतर थेट ७४ आणि ७५: शिकायला 'टू स्कूल' जाणं आणि कामासाठी 'टू द स्कूल' जाणं, सर्वसाधारण मुलं आणि ठरावीक मुलं. नद्या, डोंगर, हॉटेलं यांच्या नावांची ७७ आणि ७८ ही युनिट संदर्भापुरती ठेवली तरी चालतं. शब्दयोगी अव्ययांसाठी १३२ ते १३६ चाळा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लागत नाही, हे तिथे आहे. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' या सार्वत्रिक चुकीसाठी युनिट १७.

आता उणिवा. पहिली उणीव रचनेतच आहे. एका युनिटचा सराव एकाच मुद्द्यावर असतो. पहिली दोन उत्तरं आली की मूल नमुना ओळखतं आणि वाक्याचा अर्थ न वाचता दहापैकी नऊ मिळवतं. आठवड्याने निबंधात तीच चूक परत. यावर पुस्तकातच उपाय आहे, तो कोणी वापरत नाही: मागे दिलेला अतिरिक्त सराव. त्यात अनेक युनिट एकत्र केलेली असतात आणि कोणता नियम लागू होतो ते आधी ठरवावं लागतं. युनिट झाल्यावर दहा-बारा दिवसांनी हा सराव घ्या, त्याच दिवशी नको. तोही पुरत नसेल तर याच पुस्तकाला जोडून निघालेलं स्वतंत्र सराव-पुस्तक आहे.

दुसरी उणीव आपल्या परीक्षेच्या बाजूने आहे. कृतिपत्रिकेत आणि घटक चाचण्यांत वाक्यरूपांतर विचारलं जातं: तुलनेची डिग्री बदला, 'टू' काढून 'सो... दॅट' वापरा, 'नो सूनर... दॅन'ने सुरुवात करा, सिंपलचं कॉम्प्लेक्स करा. मर्फीकडे तुलनेची युनिट आहेत, 'इनफ' आणि 'टू' आहे, 'सो' आणि 'सच' आहे, पण एका वाक्याचं दुसरं करण्याची कवायत नाही. रिपोर्टेड स्पीचची, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगण्याची, ४७ आणि ४८ ही युनिट तर काळजीपूर्वक द्यावीत. गोष्ट अजूनही खरी असेल तर क्रियापदाचा काळ बदलायलाच हवा असं नाही, असं मर्फी सांगतो. भाषा म्हणून ते अगदी बरोबर आहे. परीक्षेत मात्र काळ बदललेलंच उत्तर अपेक्षित असतं, तेव्हा मुलांना दोन्ही गोष्टी उघडपणे सांगाव्यात. रूपांतरासाठी रेन आणि मार्टिन यांचं १९३०च्या दशकापासून चालत आलेलं व्याकरण अजूनही उपयोगी आहे, फक्त त्यातली जुनाट वाक्यं वगळून.

तिसरी उणीव साहित्य शिकवणाऱ्याला टोचते. इथली वाक्यं सुटी आहेत, घर-ऑफिस-प्रवासातली. काळ बदलला की लेखनाला काय होतं, हे सुट्या वाक्यातून कळत नाही. ते कवितेतून दाखवावं लागतं, आणि वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची कविता त्यासाठी फार सुंदर आहे. ती १८०७ साली छापली गेली. आज आपण वाचतो ते चार कडव्यांचं रूप १८१५चं. पहिली तीन कडवी भूतकाळात: भटकलो, पाहिलं, बघत राहिलो. तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीत 'हॅड ब्रॉट' येतं, त्या दृश्याने आपल्याला केवढं धन दिलं होतं ते तेव्हा कळलंच नाही, असं म्हणताना. आणि चौथं कडवं एकदम साध्या वर्तमानकाळात: मी कोचावर पडलेला असतो, ती फुलं मनात चमकतात, हृदय त्यांच्याबरोबर नाचतं. मुलांना आधी फक्त क्रियापदांखाली रेघा मारायला सांगा, भूतकाळाला एक रंग, वर्तमानाला दुसरा. चौथ्या कडव्यावर रंग पालटतो तेव्हा 'का?' एवढंच विचारा. युनिट २मधला 'वारंवार घडणारी गोष्ट' हा नियम आणि युनिट १५मधला पास्ट परफेक्ट, दोन्ही मुलांना तिथे जिवंत सापडतात. हे जोडकाम पुस्तक करून देत नाही, ते शिक्षकालाच करायचं आहे.

मराठी माध्यमाच्या आठवी-नववीला निळं पुस्तक जड जातं. तिथे त्याच लेखकाचं लाल 'इसेन्शियल ग्रामर इन यूज' घ्या. चौथ्या आवृत्तीत ११५ युनिट आहेत, मांडणी तीच, वाक्यं सोपी. सेमी-इंग्रजीची नववी आणि पुढे निळं.

विकत घेताना उत्तरसूची असलेली प्रत आहे की नसलेली, ते मुखपृष्ठावर वाचून घ्या, दोन्ही निघतात. शिक्षकाला उत्तरांसह, वर्ग-ग्रंथालयाला उत्तरांविना. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून प्रती गोळा करणार असाल तर आवृत्ती बघा: १९९४च्या दुसऱ्या आवृत्तीत १३६च युनिट होती, त्यामुळे क्रमांक जुळत नाहीत. फळ्यावर 'युनिट ७२' लिहिलं की निम्मा वर्ग भलतंच पान उघडतो. प्रती मिसळलेल्या असतील तर क्रमांकाऐवजी युनिटचं नाव लिहा.