संस्थेचा पुढचा कारभारी ठरवून देणारी सल्लासेवा: दोन दिवस, २२ हजार

बडोद्यात दांडिया बाजारात आमची छोटी अभ्यासिका आहे. ट्रस्ट १९८६ चा. विश्वस्तांच्या सात जागा, त्यातल्या दोन चार वर्षं रिकाम्या. संस्थापक काका ८१ वर्षांचे. गेल्या दिवाळीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे आम्हाला वीजबिलाचा चेकसुद्धा काढता आला नाही. म्हणून पुण्याहून सल्लागार बाई बोलावल्या. फी २२ हजार, गाडीभाडं वेगळं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

पहिल्या दिवशी पैसे वसूल. बाईंनी आल्या आल्या ट्रस्ट डीड मागितलं. सापडायला दीड तास गेला. ऑफिसच्या कपाटात नव्हतंच, काकांच्या घरी देवघराखालच्या खणात होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी. मी नऊ वर्षं सेक्रेटरी, मलाही पत्ता नव्हता! मग बाई म्हणाल्या, "समजा काका उद्यापासून तीन महिने येणार नाहीत. काय काय अडेल ते एकेका चिठ्ठीवर लिहा." आणि काकांना म्हणाल्या, "तुम्ही जरा खाली चहा घेऊन या." काका मुकाट्याने गेले, याचंच मला नवल.

चिठ्ठ्या झाल्या ४१. बँकेत सह्या दोघांच्या लागतात, दुसरे सहीवाले मुलाकडे कॅनडात. इन्कम टॅक्सच्या पोर्टलचा ओटीपी काकांच्या मोबाइलवर येतो आणि तो मोबाइल असतो नातवाच्या हातात. दसऱ्याला ज्या चार घरांतून देणगी येते, त्यांचे नंबर फक्त काकांच्या डायरीत. झाडलोट करणाऱ्या मावशींनी माझ्याकडून लिहून घेतलं, "पाण्याची मोटर कुठल्या बटणाने चालू होते ते काकांनाच माहीत."

दुसरा दिवस मात्र पाट्या टाकल्यासारखा. सीईओ निवडायचा तक्ता, उमेदवारांना गुण, पगाराची श्रेणी. अहो, आमच्याकडे पगार घेणाऱ्या दोघीच, त्यातल्या एक त्या मावशी. वर नमुने सगळे महाराष्ट्राच्या कायद्याचे. दोन्हीकडचं मूळ १९५० चा मुंबईचाच कायदा, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसात चेंज रिपोर्ट द्यायचा हे इथेही तसंच, कलम २२ सुद्धा तेच. पण अर्जावर निदान राज्याचं नाव तरी बदलून आणायचं! आमच्या वकिलांनी सगळं पुन्हा गुजरातीत टाइप करवून घेतलं, त्याचे पैसे निराळे.

दुपारी 'उत्तराधिकारी' या शब्दावरून काकांचं बिनसलं. "मी काय गादीवर बसलोय?" बाईंकडे उत्तर नव्हतं. तेव्हा आमच्या खजिनदार वहिनींनी सयाजीरावांची गोष्ट काढली (बडोद्यात ती कुठल्याही सभेत निघतेच). १८७५ साली कवळाण्याचा १२ वर्षांचा गोपाळ दत्तक आला, कारभार हाती मिळाला तो १८८१ च्या डिसेंबरात. तोवर दिवाण टी. माधवरावांनी राज्य सांभाळलं आणि पोरगा शिकत राहिला. काका थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "असं असेल तर मला माधवराव करा. पण सहा वर्षं नको, एक पुरे." ठरावाची भाषा वकिली आहे, पण मतलब हाच.

दोन्ही जागा भरल्या. त्यातली एक ३४ वर्षांची, आमच्याच अभ्यासिकेत बसून सीए झालेली. चेंज रिपोर्ट मुदतीत गेला. ओटीपी आता ऑफिसच्या मोबाइलवर येतो.

बोलवणार असाल तर एकच दिवस ठरवा, डीड आधी शोधून ठेवा, आणि गुजरातचे नमुने आणणार का ते फोनवरच विचारून घ्या. पाचपैकी साडेतीन.

मोटरचं बटण जिन्याखाली, डावीकडून दुसरं.