आईची फाइल कुठे ठेवायची: पिशवीत, व्हॉट्सॲपवर की आभामध्ये?

आमच्याकडे आईचे दवाखान्याचे कागद मेन रोडवरच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत असतात. गेल्या महिन्यात मुंबई नाक्याजवळच्या नव्या डॉक्टरांनी जुना ईसीजी मागितला. पिशवीतून पट्टी काढली तर ती कोरी! थर्मल कागदावरची रेघ केव्हाच उडून गेली होती. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. भाऊ म्हणतो, सगळं मोबाइलवर घ्या. वहिनी म्हणते, आजारपण काय चव्हाट्यावर मांडायचं आहे का? तुमच्याही घरी हाच वाद चालू असेल, तर आम्ही चारही वाटा चालून पाहिल्यात: पिशवी, व्हॉट्सॲप, लॅब-हॉस्पिटलची ॲप्स आणि आभा हा सरकारी आरोग्य क्रमांक.

पिशवीचा मोठा गुण म्हणजे तिला पासवर्ड लागत नाही आणि परदेशात बसून ती कुणी फोडू शकत नाही. विम्याचे पैसे नंतर मागायचे असतील तर मूळ बिलं लागतातच, म्हणून कागद पूर्ण सुटणार नाहीत. हरवलेच तर एक आधार आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी ३ वर्षं जपायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पण ३ वर्षांपूर्वीचं काही हवं असेल तर भिस्त पुन्हा पिशवीवरच. शिवाय घरी आलेला कुणीही पाहुणा ती उघडू शकतो, हे कुणी मोजतच नाही.

व्हॉट्सॲप सगळ्यात सोयीचं आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे खरं. पण इथे धोका वाटेत नसतो, मुक्कामाला असतो. रिपोर्ट गॅलरीत उतरतो, तिथून फोटोंच्या बॅकअपमध्ये जातो, आणि फॅमिली ग्रुपवर टाकला की संपलंच. आमच्याच एका बहिणीचा टीबीचा रिपोर्ट "कुणी चांगले डॉक्टर सुचवा" म्हणून ग्रुपवर पडला. औषधांनी ती पूर्ण बरी झाली. रिपोर्ट मात्र दोन वर्षांनी तिच्या सोयरिकीच्या बोलण्यात निघाला.

व्हॉट्सॲपवरून रिपोर्ट फुटायची दुसरी जागा झेरॉक्सचं दुकान. परवा एका दुकानात आईच्या रिपोर्टची प्रिंट काढायला गेलो. "या नंबरवर टाका," मुलगा म्हणाला. टाकलं. त्याच्या संगणकावर व्हॉट्सॲप उघडंच होतं आणि आईच्या रिपोर्टच्या वर-खाली कुणाचं डिस्चार्ज कार्ड, कुणाची सोनोग्राफी, कुणाचं आधार. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तर आणखी किती! मी आईची फाइल पुसायला लावली तेव्हा तो जरा चमकलाच. असं कुणी सांगत नसावं. तेव्हापासून पेनड्राइव्ह नेतो, त्यात फक्त तेवढी एकच फाइल.

लॅब आणि हॉस्पिटलची आपापली ॲप्स चांगली दिसतात, तीन महिन्यांच्या साखरेचा आलेखही मिळतो. पण चार लॅब म्हणजे चार ॲप्स, आणि मागोमाग "फुल बॉडी चेकअप"चे फोन. ॲप काढून टाकलं तरी खातं राहतंच, ते वेगळं बंद करावं लागतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागायचा हक्क आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर फार भरवसा नको.

आता आभा. आधी एक घोळ मिटवू: आभा म्हणजे ५ लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. हा नुसता १४ आकडी आरोग्य क्रमांक, तोही ऐच्छिक. रिपोर्ट कुठल्या एका सरकारी गोदामात जमा होत नाहीत. जिथे झाले त्या हॉस्पिटलच्या किंवा लॅबच्या संगणकातच राहतात. नव्या डॉक्टरांना बघायचे असतील तर तुमच्या ॲपवर विचारणा येते: कोणते कागद, कोणत्या काळातले, कधीपर्यंत. त्यात काटछाट करता येते, दिलेली परवानगी मागेही घेता येते. पिशवीत ही सोय नाही, डॉक्टरांच्या टेबलावर ती सगळीच उघडते. अर्थात त्यांनी काढलेली प्रिंट परत येत नाही.

उणीवाही आहेत. पंचवटीतले आमचे जुने डॉक्टर आजही चिठ्ठीवर लिहितात. ते या जाळ्यात नाहीत, म्हणून त्यांचे कागद आपणच फोटो काढून चढवायचे. हे स्वतः चढवलेले कागद मात्र त्या त्या ॲपकडे राहतात, म्हणून कुठलंही चकचकीत ॲप न घेता आम्ही सरकारी आभा ॲपच घेतलं. वहिनीची भीतीही अगदीच पोकळ नाही: नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले आणि कित्येक दिवस काम हाताने चाललं. पण तुम्ही आभा काढा न काढा, हॉस्पिटलच्या संगणकात तुमचं नाव आहेच. तो धोका आभा न काढल्याने टळत नाही.

एकच दवाखाना, एकच आजार, मोबाइलचा कंटाळा, अशी गत असेल तर पिशवी पुरे. फक्त ईसीजीची आजच झेरॉक्स काढा. दोन-तीन डॉक्टर आणि वर्षानुवर्षांची गोळ्यांची यादी असेल तर आभा घ्या आणि मूळ कागदांची एक बारीक फाइल ठेवा. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला तर उतरवून घ्या, मेसेज पुसा, पुढे पाठवू नका.

आणि मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा ते आधी ठरवा, कारण ओटीपी त्याच फोनवर येणार. मी सवयीने माझाच नंबर टाकत होतो. आई शेजारी मटार सोलत बसली होती. म्हणाली, "माझा टाक की. मला न विचारता माझे रिपोर्ट बघणार का तू?" नंबर तिचाच टाकला. परवा हृदयाच्या डॉक्टरांकडून विचारणा आली तेव्हा तिने चष्मा लावून एकेक ओळ वाचली, पाळी जातानाच्या काळातले कागद वगळले आणि मुदत दिवाळीपर्यंतचीच दिली.