दिव्यांग मुलांच्या शिक्षकांसाठीचं ४ दिवसांचं प्रशिक्षण: तिसरा दिवस चुकवू नका

आमची शाळा सिंधुदुर्गातल्या खाडीकाठची, सातवीपर्यंतची. पटावर ३१ मुलं. सहावीतल्या एकाला जवळजवळ दिसतच नाही, तिसरीतल्या मुलीच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत आणि पहिलीत आलेला एक छोटा बोलत नाही. डी.एड.ला या मुलांवर एक प्रकरण होतं, तेही मी परीक्षेपुरतंच वाचलेलं. म्हणून मे महिन्यात एका संस्थेने तालुक्याच्या गावी हे प्रशिक्षण ठेवलं, तेव्हा कोणी सांगायची वाट न बघता नाव दिलं. फी नव्हती. एसटीचं भाडं आपलं.

पहिला दिवस कायद्यात गेला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. शिक्षकाला हे माहीत हवंच, पण पडद्यावरची यादी दुपारपर्यंत वाचून दाखवायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी ब्रेल पाटी, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार टिंबांची लिपी लिहायची पाटी, हातात आली आणि सगळे जागे झाले. लिहायचं उजवीकडून डावीकडे, कारण टिंबं कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. मग कागद उलटून डावीकडून वाचायचं. टिंबांना क्रमांक असतात: अ म्हणजे १ क्रमांकाचं टिंब, ब म्हणजे १ आणि २ क्रमांकांची, क म्हणजे १ आणि ३ क्रमांकांची. माझं नाव लिहायला मला पाऊण तास लागला.

तिसऱ्या दिवशीचे प्रशिक्षक स्वतः अंध होते. त्यांनी विचारलं, ‘‘कोणाकडे स्वतः टाइप केलेली प्रश्नपत्रिका आहे का?’’ माझ्या पेनड्राइव्हवर सहावीची घटक चाचणी होती. त्यांनी हॉलमधल्या संगणकावर एनव्हीडीए सुरू केलं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि संगणकात न बसवता पेनड्राइव्हवरूनही चालतं. शाळेच्या संगणकाचा पासवर्ड ज्यांना कोणी देत नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावं. माझी प्रश्नपत्रिका उघडली आणि ते इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं वाचत सुटलं. एकही मराठी शब्द नाही.

मी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत आले आहे. त्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच असतं. दोन वर्षं मी त्या मुलाला पेपर शेजारी बसून वाचून दाखवत होते आणि त्यालाच मदत समजत होते. सरांनी रागावून काही म्हटलं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर संगणकाच्या लेखीही मराठीच राहतं त्या पद्धतीत, तोच पेपर पुन्हा टाइप करायला बसवलं. ४० मिनिटांनी ‘खारफुटीची झाडे कोठे आढळतात?’ हा माझाच प्रश्न यंत्राने स्वच्छ वाचला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. स्कॅन करून पाठवलेली पानंसुद्धा या मुलांना कोरीच असतात, हेही तेव्हाच कळलं, कारण ती नुसती चित्रं.

दुपारी टॉकबॅक, म्हणजे फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय. आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद दाबून ठेवली की बहुतेक अँड्रॉइड फोनवर ते सुरू होतं. डोळ्यांना रुमाल बांधून एक निरोप पाठवायचा होता. सरांना मिनिट लागलं, मला अर्धा तास.

चौथा दिवस मात्र निराशेचा. कानाच्या आकृत्या भरपूर दाखवल्या, पण पावसाळ्यात आमच्या दमट हवेत यंत्र बंद पडतं त्याचं काय करायचं, याचं उत्तर मिळालं नाही. ते मला त्या मुलीचं यंत्र बसवून देणाऱ्या ताईंनी आधीच सांगितलं होतं: रात्री सेल काढून यंत्र सिलिका जेल घातलेल्या घट्ट डबीत ठेवायचं. नव्या सेलवरचं स्टिकर काढलं की मिनिटभर थांबून मगच तो बसवायचा, कारण तो हवेवर चालतो. किनाऱ्यावरच्या शिक्षकांना हे शिकवायलाच हवं. शेवटच्या तासात आयआयटी मुंबईचं जेलो दाखवलं, हे चांगलं झालं. चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोलणारं फुकट ॲप आहे. आमचा पहिलीतला छोटा ताट ढकलायचा, आम्ही हट्टी म्हणायचो. आता तो जेवणाचं चित्र दाबून ‘आवडत नाही’ दाबतो, आणि आम्ही काय नको ते विचारतो.

सर्वांत मोठी उणीव नंतरची. शाळेत येऊन बघू, असं त्यांनी सांगितलं होतं. कोणी आलं नाही. जुलैत विचारलेल्या प्रश्नाला गणपतीपर्यंत उत्तर नव्हतं. ४ दिवस शिकवून शिक्षकाला एकटं सोडणं बरोबर नाही, आणि हे मी त्यांना लेखी कळवलं आहे.

तरी जा. यंदाच्या चाचणीला मी सवयीने सहावीतल्या त्या मुलाजवळ खुर्ची ओढली, तर कानातला इअरफोन सारखा करत म्हणाला, ‘‘बाई, आज माका वाचून दाखवूक नको.’’ उत्तरं तो अजून सांगतो आणि पाचवीतली मुलगी लिहिते. टायपिंग दिवाळीनंतर सुरू करतोय.

नाव देण्याआधी फोन करून ते अंध सर येणार आहेत का, हे विचारा. आणि जाताना स्वतःच्या प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर न्या, जशा आहेत तशा.