ओपनसर्च, आठ महिन्यांनंतर: तूर, तुरी आणि गेलेली लाइट

ओपनसर्च म्हणजे स्वतःच्या मशीनवर चालवता येणारं, कागदपत्रांत शोध घेणारं सॉफ्टवेअर. लातूरला एकाच खोलीत त्याचे तीन नोड (ते चालवणारी मशीन), प्रत्येकी १६ जीबी रॅम, त्यातली ८ हीपला, म्हणजे ओपनसर्चच्या स्वतःच्या कामाला. नांदेडला वेगळा एक नोड. आत बाजारभावाची पत्रकं, पीक सल्ले, ग्रामसभेचे ठराव, सगळं मराठीत. ओपनसर्च दमदार आहे, पण आहे त्या सेटिंगवर मराठी मजकूर टाकू नका.

‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर देतो, कुणाचा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच, इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी बनवलेल्या शब्दसूचीत, मात्र वेगळे शब्द. एका पद्धतीने शोधलं की दुसऱ्या पद्धतीचे कागद येत नाहीत, एररही येत नाही. मॅपिंग कॅरेक्टर फिल्टरमध्ये (शब्द इंडेक्समध्ये जाण्याआधी अक्षरं बदलणारी सेटिंग) एकच ओळ घाला: र+हलन्त+जॉइनर आलं की ऱ+हलन्त करा. तयार हिंदी नॉर्मलायझेशनच्या (वेगवेगळी लेखनं एक करणारा फिल्टर) मोहात पडू नका. ते हलन्तच काढून टाकतं, दीर्घाचं ऱ्हस्व करतं. मग ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक, ‘दिन’ आणि ‘दीन’ही एक.

पुढचा त्रास विभक्तीचा. ‘तूर’ शोधली तर ‘तुरीचे भाव’ सापडत नाही, ‘कापूस’ला ‘कापसावर’ सापडत नाही. मराठी शब्द मूळ रूपावर आणणारा तयार अ‍ॅनालायझर यात नाही. स्टेमर ओव्हरराइडची यादी, म्हणजे कुठलं रूप कुठल्या मूळ शब्दाचं, हातानेच करावी लागते. आधी पिकं, मग गावं. यादी बदलली तरी जुने कागद जुन्याच शब्दांवर राहतात, म्हणून दर वेळी रीइंडेक्स, म्हणजे सगळे कागद नव्या इंडेक्समध्ये पुन्हा भरायचे. शोध एलियसवरून (इंडेक्सचं टोपणनाव, ते नव्या इंडेक्सकडे वळवता येतं) चालवा, म्हणजे तेवढ्यात बंद पडत नाही.

आता लाइट. एक नोड गेला की ओपनसर्च एक मिनिट थांबतं आणि त्यावरच्या रेप्लिका (डेटाच्या जादा प्रती) उरलेल्या नोडवर नव्याने बनवायला घेतं. पंधरा मिनिटांत लाइट येणारच असते, तोवर नेटवर्क आणि डिस्क उगाच दमतात. हे थांबणं ठरवणारा डिलेड टाइमआउट २० मिनिटं ठेवा. तीनपैकी दोन नोड मात्र इन्व्हर्टरवर हवेतच, नोडचं बहुमत गेलं की क्लस्टरला, म्हणजे या जोडलेल्या नोडच्या गटाला, क्लस्टर मॅनेजर (गट सांभाळणारा नोड, पूर्वीचं नाव मास्टर) उरत नाही.

नांदेडचा नोड याच क्लस्टरमध्ये ओढू नका, लाइन अडखळली की तो सारखा बाहेर फेकला जातो. तो वेगळा क्लस्टर ठेवून क्रॉस-क्लस्टर सर्च (एका क्लस्टरवरून दुसऱ्यातही शोध) लावा आणि ‘स्किप अनअव्हेलेबल’ (बंद क्लस्टर वगळणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर नांदेड बंद असताना लातूरचाही शोध फसतो.

डिस्क ९५ टक्के भरली की इंडेक्समध्ये लिहिणं बंद होतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफ टाकण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. इंडेक्स त्या निमूट घेतं, पण मराठीत शोधल्यावर त्यातलं काहीच सापडत नाही.